दोन घरांच्या मधली जागा

दर दुसऱ्या शनिवारी दुपारी नागपुरात आमच्या खामल्यातल्या घरी आठदहा जणी कादंबरी वाचायला जमतात. मे महिन्यात कूलरच्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागतं, तरी येतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या वळणाची एक कादंबरी संपवली. तिची विधवा नायिका शेवटी खंगून मरते. पुस्तक मिटलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत वडील काकू पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "सुटली बिचारी."

बाकीच्यांनी माना हलवल्या. कारंजाहून शिकायला आलेली, दिवसभर अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आमच्यात येते. ती तेवढी थांबली. म्हणाली, "काकू, ती तर मेली ना वो. मग सुटली कशी?"

त्या दुपारपासून हा लेख डोक्यात आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते. 'नायिका पारंपरिक चौकटीतून बाहेर पडते व स्वतंत्र होते' हे वाक्य मी उत्तरपत्रिकांमध्ये शेकडो वेळा वाचलंय. कोणती चौकट, बाहेर पडून ती राहते कुठं, खाते काय, असं वर्गात विचारलं की मुलं खाली बघतात. त्यांचा दोष नाही. आपण त्यांना वाक्य पाठ करून दिलं, वाट दाखवलीच नाही. ती वाट जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगते.

आधी आपल्या तोंडची क्रियापदं बघा. मुलगी दिली. मुलगी उजवली. सून आणली. बायको केली. नांदवली नाही, टाकली. या प्रत्येक वाक्यात बाई आहे, पण करणारं दुसरंच कुणी आहे. शाळेतलं व्याकरण आठवा: ती वाक्यातलं कर्म आहे, कर्ता नाही. आणि मराठीत 'कर्ता' हा शब्द व्याकरणापुरता थोडाच आहे? घरातला कर्ता पुरुष, मुलगा कर्तासवरता झाला, असं आपण रोज म्हणतो. बाईला वाक्यात कर्तेपण मिळायचं ते 'ती नांदते' एवढ्यापुरतं, नाहीतर मग काकू म्हणाल्या तसं, 'सुटली'. नायिकेचा स्वातंत्र्याकडचा प्रवास म्हणजे कर्माच्या जागेवरून उठून कर्त्याच्या जागेवर येऊन बसणं. कादंबरी वाचताना मी पेन्सिलीनं क्रियापदांखाली रेघा मारते, त्या यासाठी.

'स्वतंत्र' हा शब्दही उकलून बघावा. 'ती सासूच्या तंत्रानं वागते' असं आपण सहज म्हणतो. तंत्र म्हणजे चालवण्याची रीत, दोरी. स्वतःच्या तंत्रानं चालणारी ती स्वतंत्र. एकटी राहणारी, नवऱ्याला सोडलेली किंवा पगार मिळवणारी बाई स्वतंत्र असेलच असं या शब्दात कुठं म्हटलेलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता लिहिणाऱ्याची अडचण समजून घेऊ. कादंबरीला एक माणूस लागतो, त्याच्या आयुष्याची काही वर्षं लागतात आणि त्या वर्षांत त्याच्यापुढं दोन वाटा याव्या लागतात. मुलगा घर सोडतो, शहरात जातो, चुकतो, ठेचा खातो, शहाणा होतो. अशा घडणीच्या कादंबऱ्या जगभर लिहिल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा मराठी घरातल्या मुलीचं काय? आठव्या-नवव्या वर्षी लग्न. बापाच्या घरातून निघायचं ते नवऱ्याच्या घरात शिरायचं. दोन घरांच्या मधे होती ती फक्त वरातीची वाट. तांदळाच्या ताटात नवरा सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहायचा आणि जुनं नाव माहेरी राहायचं. माझ्या आजीला आयुष्यभर दोन नावं होती. माहेरचं कुणी आलं की तिची हाक बदलायची, आणि आम्ही मुलं चमकून बघायचो की ही कुणाला बोलावतायत! अशा मुलीला निवड करायला जागाच नव्हती. मग तिच्यावर कादंबरी लिहायची कशी?

माझं म्हणणं असं आहे की मराठी नायिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट म्हणजे या दोन घरांच्या मधल्या जागेची गोष्ट आहे. ती जागा जसजशी रुंदावत गेली तसतशी नायिकेला हालचाल करता आली. कायद्याचे आकडे शेजारी ठेवून बघा. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यानं मुलीशी शरीरसंबंधासाठीची किमान वयाची अट दहावरून बारावर नेली, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. १९७८ मध्ये ते अठरा झालं. कायदा झाला म्हणजे घरोघर पाळला गेला असं नाही. पण या तीन तारखांच्या आगेमागे मराठीतल्या कोणत्या नायिका उभ्या आहेत ते पाहिलं की मजकूर आपोआप उलगडतो.

सुरुवात १८५७ ची. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' त्या वर्षी आलं. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ मध्ये झालेला. ही मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी मानतात. नावातच बघा: पर्यटन. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत ठिकठिकाणच्या विधवांचे हाल बघते. पुढं ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले होते, त्यामुळं धर्मप्रचाराचा सूर पुस्तकात आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती: बाईवर कादंबरी लिहायची तर आधी तिला घरातून उठवून रस्त्यावर आणलं पाहिजे. त्यासाठी त्यांना प्रवास रचावा लागला.

त्यानंतरच्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा कादंबऱ्यांनी दुसरी युक्ती केली. योगायोग, संकटं, सुटका, सगळं अद्भुत. जिथं निवड नाही तिथं प्रसंगांची गर्दी करायची. या असल्या गोष्टींवर पहिला सणसणीत आक्षेप आपल्या विदर्भातून गेला, हे किती नागपूरकरांना ठाऊक आहे? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. ती कादंबरी नव्हे, रागानं धगधगणारा निबंध आहे. बायकांवर घेतले जाणारे सगळे आळ उलटवून पुरुषांपुढं ठेवताना त्यांनी तेव्हाच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांचीही झडती घेतली. कथेतली बाई आणि घरातली बाई यांत केवढी तफावत आहे, हे ज्या वाचक स्त्रीनं लिहून ठेवलं ती बुलढाण्याची होती. मी दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगते.

मग १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू झालं आणि त्यात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. इथं जरा थांबू, कारण हरिभाऊंनी जे केलं ते सोपं नव्हतं. त्यांची नायिकाही योगायोगानं यमूच. तिचं लग्न लहानपणी होतं, तिला जाच होतो, समंजस नवरा तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईत थोडे सुखाचे दिवस येतात, आणि नवरा जातो. मग सासरची माणसं तिचं जबरदस्तीनं केशवपन करतात. घटना म्हणून बघितलं तर यमू सगळीकडे कर्मच आहे. तिला दिली, तिला नेली, तिला आणली, तिचे केस उतरवले. पण ही गोष्ट सांगतं कोण? यमू स्वतः. सबंध कादंबरी 'मी' म्हणून तिनं लिहिलेली आहे. हातानं काही करता येत नाही त्या बाईला हरिभाऊंनी बघायला दिलं आणि सांगायला दिलं. सासरच्या माजघरात कोण कुणाकडं कसं बघतं, कोण कुणाचं ऐकून गप्प बसतं, हे ती टिपत जाते. 'मी पाहिलं', 'मला वाटलं', 'मला कळलं' ही क्रियापदं तिची आहेत. मराठी नायिकेच्या हाती आलेलं पहिलं स्वातंत्र्य म्हणजे स्वतःच्या दुःखाची साक्षीदार होणं. ते अपुरं आहे, जीवघेणं अपुरं आहे. पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमच्या शनिवारी या कादंबरीचे दोन अध्याय मोठ्यानं वाचले तेव्हा कारंजाची ती मुलगी म्हणाली, "मॅडम, ही बाई सारखी रडूनच राहिली." खरं होतं. मी तिला म्हटलं, रडताना ती काय बघते तेवढ्यावर बोट ठेव. पुढच्या वेळी तिनं वहीत दोन रकाने करून आणले. एकात यमूला काय काय केलं गेलं, दुसऱ्यात यमूनं काय काय पाहिलं. दुसरा रकाना लांब निघाला.

१९२८ ला काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' आली. तिच्यात एका काल्पनिक संस्थानाचा कारभार बायका हाती घेतात. खऱ्या पुण्या-मुंबईत जागा मिळेना, तेव्हा काशीबाईंनी आख्खं संस्थानच कल्पिलं.

खरी जागा मोकळी झाली ती १९३० नंतर. मुली कॉलेजात आल्या, वसतिगृहात राहिल्या, शाळांत मास्तरीण झाल्या. लग्नाचं वय सुशिक्षित घरांतून वीस-बावीसवर गेलं. बापाचं घर सुटलेलं, नवऱ्याचं अजून मिळालेलं नाही, अशी चार-सहा वर्षं पहिल्यांदाच बाईच्या आयुष्यात आली. आणि लगेच, अगदी लगेच, त्या वर्षांत काय चाललंय हे सांगणारी लेखिका आली. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला आणि पांढरपेशा महाराष्ट्र हादरला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात आणि शरीरात काय होतं, ते त्यात उघड लिहिलं होतं. मुलीच्या पगाराची घराला सवय होते आणि तिच्या लग्नाचा विषय हळूच मागं पडतो, हेही होतं. हे लिहिणारी कोण, बाई की पुरुष, यावर तर्क लढवले गेले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या.

१९३४ च्या त्यांच्या 'हिंदोळ्यावर' कादंबरीतली अचला नवऱ्यापासून वेगळी राहते. दुसऱ्या पुरुषावर तिचं प्रेम आहे, तिला मूल हवं आहे. अडचण एकच, पण डोंगराएवढी: तिला घटस्फोट मिळायची सोय नाही. मन तयार, पोट स्वतःच्या कमाईवर, आणि कायद्याच्या कागदावर ती अजून 'त्याची'. शीर्षकातला हिंदोळा तो हाच. आज मुलं विचारतात, सरळ वेगळी होऊन दुसरं लग्न का नाही केलं तिनं? म्हणून सन सांगावा लागतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. अचला त्याच्या एकवीस वर्षं आधीची.

याच काळात आपल्या वाशीमला जन्मलेल्या गीता साने लिहीत होत्या. 'निखळलेली हिरकणी', 'वठलेला वृक्ष' आणि अशा बऱ्याच कादंबऱ्या त्यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत लिहिल्या. त्यांच्या नायिका शिकलेल्या, विचार करणाऱ्या, लग्न नावाच्या संस्थेलाच प्रश्न विचारणाऱ्या. विभावरींच्या नायिका झोके घेतात, गीताबाईंच्या नायिका वाद घालतात. कधीकधी फार घालतात, कादंबरी बाजूला राहते आणि चर्चा चालू होते, हा त्यांचा दोष मला कबूल आहे. तरी इतकी धीट बाई पाठ्यपुस्तकांतून आणि वाङ्मयाच्या इतिहासातून अशी बाजूला का पडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वऱ्हाडात बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पुण्याकडचे लोक त्यावर हसतात. गीताबाईंचं वाचताना मला वाटतं, त्यांच्या लेखणीत तो 'मी करतो'चा ठसका आहे.

एक कादंबरीबाहेरची गोष्ट इथंच सांगते, कारण ती नागपूरची आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं सांगितलं की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. परिषदेनं ठराव केले: बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरणीत काम करणाऱ्या बायकांना रजा आणि सोयी मिळाव्यात. कादंबरीतली अचला जे एकटी मनात घोळवत होती ते इथं कष्टकरी बायकांनी मांडवात उभं राहून मागितलं, नऊवारी कमरेला खोचून. त्यांच्यातली एकही बाई त्या काळच्या मराठी कादंबरीची नायिका नाही. हा कादंबरीचा तोटा.

नायिकेच्या या पहिल्या प्रवासाचा हिशेबही नागपुरातच मांडला गेला. कुसुमावती देशपांडे इथल्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' लिहिलं, आणि १९६१ च्या ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या जागी बसलेली पहिली बाई. त्या पुस्तकात निवाडे आहेत पण आरडाओरडा नाही. कादंबरीचा अभ्यास करू पाहणाऱ्या पोरींना मी आधी ते हातात देते.

गीता साने यांच्याकडं पुन्हा वळते. त्यांची मुलगी वसुधा धागमवार कायद्याच्या अभ्यासक झाल्या. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली आणि पुढं खटला चालला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष सोडलं. तिनं प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापक-अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत वसुधाताई होत्या. पत्राचा गाभा होता: शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशभर चळवळ झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला. मला या प्रकरणात तोच व्याकरणाचा प्रश्न दिसतो. 'ती गेली' की 'तिला नेलं'? आईनं कादंबऱ्यांत ज्या क्रियापदासाठी भांडण मांडलं, लेकीनं ते न्यायालयापुढं नेलं.

साठ-सत्तरनंतरची वाट पुष्कळांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. घटस्फोट आला, वारसाहक्क आला, नोकरी आली. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया' (१९८०) आणि 'तेरुओ'मधल्या बायका जगभर फिरतात, आवडेल त्यावर प्रेम करतात आणि कुणाला उत्तरं देत बसत नाहीत. मराठी वाक्यात बाईचं 'मी' इतकं मोकळं आधी कधी वाजलं नव्हतं. त्यांच्यावर आक्षेप असतो की या बायकांना पैशाची विवंचनाच नाही. आक्षेप बरोबर आहे. पण मला त्यांचं महत्त्व वेगळ्या ठिकाणी वाटतं. बाहेरची दारं उघडल्यावर आतली किती बंद आहेत, हे त्या नायिकांमुळं दिसलं. कुणी अडवत नसतानाही बाई स्वतःला अडवते, ती का?

याचं फार नेमकं उत्तर शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' (१९९०) मध्ये आहे. रीटा मिळवती आहे. आईवडील आणि बहिणींचं ओझं तिच्या पगारावर. तिचं एका विवाहित पुरुषावर प्रेम, तो तिच्याच कचेरीतला वरिष्ठ. आमच्या उत्तरपत्रिकेच्या भाषेत ती केव्हाच 'स्वतंत्र' झालेली आहे, आणि ती कोसळते. दवाखान्यात पडून ती स्वतःला तुकड्यातुकड्यानं पुन्हा जुळवते. वर 'तंत्र' या शब्दाबद्दल म्हटलं ते इथं आठवा. पगार तिचा होता, पण ती चालत होती घराच्या आणि त्या माणसाच्या तंत्रानं. आमच्या गटातली एक बँकेतून निवृत्त झालेली मैत्रीण हे पुस्तक वाचून दोन शनिवार आलीच नाही. तिसऱ्या वेळी आली आणि म्हणाली, "चौतीस वर्षं नोकरी केली. पगाराच्या पासबुकावर सही माझी. एटीएमचं कार्ड यांच्या पाकिटात." कुणी काही बोललं नाही. काकूंनी तिच्यापुढं पोह्यांची बशी सरकवली.

इथवर मी ज्या नायिका सांगितल्या त्या बहुतेक वरच्या जातीतल्या, पांढरपेशा घरांतल्या. दलित बायकांनी आपली घडण सांगितली ती प्रामुख्यानं आत्मकथनांतून. त्याचं कारण मला असं वाटतं: ज्यांचं खरं आयुष्यच कुणी ऐकून घेतलं नव्हतं त्यांनी कल्पित नायिका का रचावी? नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. महार घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते, कौतुक होतं, सत्कार होतात, नोकरी मात्र मिळत नाही. आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदलतं, सोमकुवरची पावडे होते, आणि सरकारी कॉलेजात नेमणूक होते. नोकरी कुमुद पावडेला मिळाली, कुमुद सोमकुवरला नाही, हे त्यांनी स्वतः स्वच्छ नोंदवलंय. अंगठीनं तांदळात लिहिलेल्या नावाची आठवण करा. एका नायिकेसाठी नवं नाव म्हणजे जुनं पुसणं, दुसरीसाठी ते बंद दाराची किल्ली, आणि ती किल्ली वापरावी लागली याची जखम वेगळी. स्वातंत्र्य मोजायला एकच फूटपट्टी चालत नाही हे मला कुमुदताईंनी शिकवलं.

मग २००५ ला कविता महाजनांची 'ब्र' आली. 'तिनं ब्रही काढला नाही' हे आपण बायकांबद्दल कौतुकानं म्हणतो! तोच 'ब्र' शीर्षकात. मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी आदिवासी पाड्यांवर जाते आणि तिथल्या महिला सरपंचांना भेटते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना एकतृतीयांश जागा दिल्या, त्यातून निवडून आलेल्या या बायका. कुणाच्या सहीचा वापर दुसराच करतो, कुणाला खुर्चीवर बसू देत नाहीत. नायिका एकटी सुटी होऊन भागत नाही, तिच्याभोवती आणखी बायका बोलू लागतात तेव्हा तिचं बोलणं टिकतं, हे या कादंबरीत पानोपानी दिसतं. १९४२ च्या मांडवातल्या बायका मराठी कादंबरीत यायला साठ वर्षं लागली असं मी म्हणते ते यामुळं.

आणि आमच्या नागपूरच्या आशाताई बगे. त्यांच्या 'भूमी'ला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या नायिका दार आपटून निघून जात नाहीत, म्हणून काही अभ्यासक त्यांना परंपरेच्या बाजूच्या समजतात. मला ते पटत नाही. 'भूमी'तल्या मैथिलीला कुठलीच जमीन आयती मिळालेली नाही. माणसं येतात, जातात, आणि आपण कुठं रुजायचं हे तिचं तिलाच शोधावं लागतं. निघून जाणं हे जसं क्रियापद आहे तसं राहणंही आहे. प्रश्न एवढाच की तिला ठेवलं, की ती राहिली. हा फरक आशाताई इतक्या हळू आवाजात दाखवतात की घाईनं वाचणाऱ्याच्या हातून निसटतो.

म्हणून कादंबरी वाचताना मी पोरींना सांगते, शेवट आधी बघू नका. लग्न झालं की मोडलं, मेली की जगली, यावरून निकाल लावू नका. मधली पानं बघा. पैसे कुणाच्या हातात आहेत? तिला दार लावून बसता येईल अशी खोली आहे का? ती खोटं कुणाशी बोलते, आणि कशासाठी? तिची मैत्रीण आहे का? जुन्या कादंबऱ्यांत नायिकेला मैत्रीण असली तरी दोघींना एकत्र बाहेर पडायला निमित्त लागायचं: देऊळ, हळदीकुंकू, पाणवठा. आणि सगळ्यांत आधी बघा, ती 'नाही' म्हणते तेव्हा पुढच्या ओळीत काय होतं.

परवाच्या शनिवारी आमचं वाचन संपता संपता त्या मुलीचा फोन वाजला. घरून होता. कारंजाला कुणी पाहुणे येणार होते, तिला बघायला. काकूंनी कूलर बंद केला, त्यामुळं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ती खिडकीपाशी जाऊन बोलत होती, आवाज जरा कापत होता. "नाही आई, परीक्षा होईपर्यंत नाही येत मी. इथंच राहतो. बाबांना सांग, मी ठरवलं म्हणून."

फोन ठेवून ती जागेवर येऊन बसली. काकूंनी तिच्याकडं बघितलं, पुस्तकातली खूण काढली आणि म्हणाल्या, "हं, वाच. कुठवर आलो होतो आपण?"